दुःस्वप्नराज्याच्या वाङ्मयातील सत्ता, नियंत्रण आणि स्त्रीपात्रे

टॉमस मोर याने १५१६ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात 'युटोपिया' हा शब्द योजला. मराठीत त्याला 'आदर्शराज्य', 'कल्पराज्य' असे पर्याय यथावकाश मिळाले. त्याच्या उलट अर्थाच्या संकल्पनेला मात्र सर्वमान्य असे मराठी नाव अद्याप लाभलेले नाही. १८६८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात आयर्लंडविषयक सरकारी धोरणावर टीका करताना जॉन स्टुअर्ट मिल याने 'डिस्टोपियन' हा शब्द उच्चारला. वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून तो रूढ झाला तो विसाव्या शतकात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'दुःस्वप्नराज्य' ही संज्ञा योजिली आहे. तीही सर्वस्वी समाधानकारक नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

ही अडचण केवळ शब्दाची नाही. वाईट राज्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही: अंदाधुंदी, बेबंदशाही, मोगलाई, बजबजपुरी. परंतु हे सारे शब्द कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशा स्थितीचे वर्णन करतात. दुःस्वप्नराज्यात नेमकी याच्या उलट स्थिती असते. तेथे गाड्या वेळेवर सुटतात, प्रत्येकाला ठरलेले अन्न मिळते, चोऱ्या होत नाहीत आणि कोणी कोठे, केव्हा, कोणाबरोबर असावे हे पूर्वीच ठरलेले असते. ते अराजक नव्हे, अतिराजक होय. असे राज्य जेव्हा सर्व काही मोजू पाहते तेव्हा त्याला जन्म मोजावे लागतात, नाती मोजावी लागतात आणि कोणी कोणाजवळ निजावे याचाही हिशेब ठेवावा लागतो. हे तिन्ही हिशेब स्त्रीच्या देहापाशी येऊन थांबतात. म्हणूनच या वाङ्मयातील स्त्रीची अवस्था हे सत्तेच्या वर्णनातील एक उपप्रकरण मानून चालत नाही. पुष्कळ कृतींत ती सत्तेच्या इमारतीचा पाया असते, आणि समीक्षेने तिला बहुधा शोभेच्या खिडकीची जागा दिलेली आहे.

भारतातील स्त्रियांनी या क्षेत्रात प्रथम लेखन केले ते कल्पराज्याच्या बाजूने, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवावयास हवी. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ सालची. तीत पुरुष पडद्याआड आहेत आणि राज्य स्त्रियांच्या व विज्ञानाच्या बळावर चालते. मराठीत काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. तीत एका लहानशा संस्थानाची सूत्रे स्त्रीच्या हाती येतात आणि ती स्त्रियांच्या हिताची व्यवस्था उभारते. ज्यांच्या वाट्याला दैनंदिन जीवनातच पुरेसे नियंत्रण आले होते, त्यांना भविष्यकाळातील नियंत्रणाची भयकथा रचण्याची निकड भासू नये, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पाश्चात्त्य दुःस्वप्नराज्याचा जन्म कारखान्यात झाला आहे. येवगेनी झाम्यातिन हा व्यवसायाने जहाजबांधणीचा अभियंता. १९१६–१७ मध्ये तो इंग्लंडात न्यूकॅसल येथे रशियासाठी बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करीत होता. १९२०–२१ च्या सुमारास त्याने पूर्ण केलेल्या 'आम्ही' या कादंबरीत राज्याचा आराध्य पुरुष कोणी राजा वा प्रेषित नाही. कामगाराच्या हालचालींचे मोजमाप करणारा अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर हा आहे. टेलरचे 'शास्त्रीय व्यवस्थापन' १९११ साली ग्रंथरूपाने आले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी हेन्री फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या जुळणीचा सरकता पट्टा सुरू झाला. आल्डस हक्सलीने १९३२ साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लिहिली तेव्हा त्यातील कालगणना त्याने १९०८ पासून, म्हणजे फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीच्या वर्षापासून मांडली आणि माणसांचे गर्भ बाटल्यांत घालून पट्ट्यावरून पुढे सरकविले. कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकातून जगाला 'रोबोट' हा शब्द मिळाला. त्याचे मूळ चेक भाषेतील 'रोबोता' या शब्दात आहे आणि 'वेठ' हा त्याचा अचूक मराठी पर्याय होय. या नाटकात प्रथम दिसणारा यंत्रमानव स्त्रीरूप आहे: सुल्ला नावाची टंकलेखिका. यंत्रमानवांना लिंगभेद कशाला, असे विचारले असता कारखान्याचा चालक मागणीचे कारण सांगतो. मोलकरणी, विक्रेत्या, टंकलेखिका स्त्रिया असण्याची लोकांना सवय झालेली आहे, एवढेच त्याचे समर्थन. ते विनोदाने लिहिले आहे. पण स्त्रीत्व हे येथे बाजाराने ठरविलेले मालाचे परिमाण आहे, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

हे वाङ्मय पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील विद्यार्थ्यास इतरांहून अधिक परिचित वाटावे, याचे कारण यातच आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले; पुढे आकुर्डी, पिंपरी, भोसरी आणि नंतर चाकण असा मुख्यतः वाहन उद्योगाचा पट्टा उभा राहिला व १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. भोंगा, हजेरी, बिल्ला, जुळणीची लाइन, प्रत्येक क्रियेस बांधून दिलेले सेकंद हे शब्द येथील घरांत बालपणापासून ऐकू येतात. झाम्यातिनच्या राज्यातील 'ताससारणी' अन्य वाचकाला कल्पनाविलास वाटेल. ज्याच्या घरी स्वयंपाकाची, निजेची आणि भेटीगाठींची वेळ दर आठवड्याला वडिलांच्या पाळीबरोबर बदलते, त्याला ती थोडीशीच ताणलेली वस्तुस्थिती वाटेल.

'पाळी' या शब्दापाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. कारखान्यातील कामाची पाळी आणि स्त्रीच्या मासिक धर्माची पाळी या दोहोंसाठी मराठीत एकच शब्द आहे. मूळ अर्थ 'वारी, क्रम' असा असल्याने यात आश्चर्य काही नाही. परंतु दुःस्वप्नराज्याच्या अभ्यासकाला हा योगायोग फार मोलाचा आहे, कारण त्या राज्याचा सारा प्रयत्न दुसरी पाळी पहिलीच्या वेळापत्रकात बसविण्याचा असतो. हक्सलीच्या लेनिना क्राउनच्या कमरेला गर्भनिरोधकांचा पट्टा आहे. झाम्यातिनच्या ओ-९० या स्त्रीची उंची राज्याने ठरविलेल्या मातृत्वाच्या मापापेक्षा दहा सेंटिमीटरने कमी भरते, म्हणून तिला मूल होण्याची बंदी आहे. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) मध्ये प्रजननक्षम स्त्रिया सत्ताधाऱ्यांच्या घरी नेमून दिल्या जातात आणि त्यांचे नावही त्या घरधन्याच्या नावापासून बनते. इतिहासात कोठे ना कोठे घडले नाही असे काहीही आपण या कादंबरीत घातले नाही, असे अ‍ॅटवुड यांनी वारंवार सांगितले आहे. १९६६ साली रुमानियाच्या शासनाने गर्भपात व गर्भनिरोध यांवर घातलेले निर्बंध पाहिले की या विधानाची सत्यता पटते.

महाराष्ट्राच्या बाबतीत तर कल्पनेची आवश्यकता याहूनही कमी आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायकोची जोडी मिळून एक एकक धरले जाते आणि त्या एककाचे नाव 'कोयता' असे आहे. दोन माणसांना मिळून त्यांच्या हातातील हत्याराचे नाव देण्याची ही पद्धत अ‍ॅटवुड यांच्या नामकरणाहून काही कमी भेदक नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडताना खाडा पडला तर दंड बसतो. आजारपण, बाळंतपण आणि पाळी ही सर्व मग खाड्याचीच निमित्ते ठरतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. येथे कोणी हुकूमशहा नव्हता, फर्मान निघाले नव्हते, शस्त्रक्रियेची सक्ती करणारा कायदाही नव्हता. उचल, खाडा आणि दंड एवढ्या सामग्रीवर हे घडले. दुःस्वप्नराज्य म्हणजे सैनिकी बूट आणि भिंतीवरील डोळा असे समीकरण ज्यांच्या मनात आहे, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावयास हवा.

आता पाश्चात्त्य परंपरेतील स्त्रीपात्रांविषयीच्या एका रूढ आक्षेपाकडे वळता येईल. तो असा की, या कादंबऱ्यांत स्त्री ही नायकाला जागे करण्यापुरती येते. नायक अभियंता वा कारकून असतो, स्त्री त्याला मोहात पाडते, मोहातून बंड उद्भवते आणि शेवटी शासनयंत्रणा दोघांना चिरडते. 'आम्ही'मधील आय-३३० आणि ऑर्वेलच्या '१९८४' (१९४९) मधील जूलिया ही या साच्याची ठरीव उदाहरणे. १९८४ सालीच डॅफ्ने पटाई यांनी ऑर्वेलच्या पुरुषकेंद्री दृष्टीची सविस्तर चिकित्सा केली आणि पुढे सँड्रा न्यूमन यांनी २०२३ मध्ये तीच कथा 'जूलिया' या नावाने तिच्या बाजूने पुन्हा लिहिली. आक्षेप खोटा नाही. परंतु तो जितका सरसकट केला जातो तितका खरा नाही.

जूलिया सत्य-मंत्रालयात कादंबऱ्या तयार करणाऱ्या यंत्रांवर काम करते. तिच्या हाताला तेल लागलेले असते आणि तिच्याजवळ पाना असतो. नायक विन्स्टन स्मिथ तिला बंदी असलेला राजकीय ग्रंथ वाचून दाखवितो तेव्हा ती झोपी जाते. या प्रसंगावरून ती बुद्धीने उथळ आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि ऑर्वेललाही बहुधा तेच सुचवावयाचे असावे. परंतु शासन कामभावना का दडपते याचे कादंबरीतील सर्वांत नेमके स्पष्टीकरण त्या ग्रंथात नाही. ते जूलिया देते. दडपलेली ही शक्ती युद्धज्वराकडे आणि नेत्याच्या पूजेकडे वळविता येते, हे तिने स्वतःच ओळखलेले आहे. लंडनवर पडणारे बॉम्ब आपलेच शासन टाकीत असावे, ही शंकाही तीच सहज बोलून जाते आणि ती विन्स्टनच्या कधी मनातही आलेली नसते. यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाला यंत्राचे जे ज्ञान असते, ते हे होय. लेखकाने पात्राच्या हाती ज्ञान दिले आणि त्याला ज्ञान म्हणण्यास मात्र तो विसरला, असेच म्हणावे लागते.

'आम्ही'बाबतही असेच घडले आहे. समीक्षकांचे सारे लक्ष बंडखोर आय-३३० कडे जाते. ती यातना सोसून अखेरपर्यंत मौन पाळते, हे खरेच मोठे आहे. पण कादंबरीच्या अंती राज्याच्या हातून खरोखर निसटते कोण? मापात न बसणारी, गोलमटोल, नायकाने फारशी गंभीरपणे न घेतलेली ओ-९०. आय-३३० च्या साहाय्याने ती हिरव्या भिंतीपलीकडे जाते आणि तिच्या पोटी येणारे मूल कोणत्याही नोंदवहीत येणार नाही. एका स्त्रीने दुसरीला, तेही जिच्याशी तिची स्पर्धा असावयास हवी अशा स्त्रीला, बाहेर काढावे या घटनेला साच्याच्या हिशेबात जागाच नाही.

मराठी वाचकाला परिचित असलेले अतिराजक भविष्यकाळात नाही आणि परदेशातही नाही. ते पुण्यातच आहे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर केले. त्याचे प्रयोग काही काळ थांबले आणि पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा सुरू केले. त्यावर झालेला वाद इतिहासाच्या विपर्यासाभोवती आणि ज्ञातीच्या बदनामीभोवती फिरत राहिला. त्या वादात पडण्याचे येथे प्रयोजन नाही. घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल १७९१ मध्ये जमावाकडून मारला गेला, एवढा इतिहासाचा धागा पुरेसा आहे. नाटकातील पुणे मात्र इतिहासातील पुणे नसून परवान्यांचे शहर आहे. रात्री रस्त्यावर यावयाचे तर परवाना, घरगुती आणि खाजगी व्यवहारांनाही परवाना, कोण कोणाच्या घरी आहे याची झडती. टेलरची घटिका आणि फोर्डचा पट्टा यांच्या शंभर वर्षे आधीच्या काळात तेंडुलकरांनी हे अतिराजक नेऊन बसविले आहे आणि ते तेथे तिळमात्र विजोड वाटत नाही.

या साऱ्या व्यवस्थेचा उगम एका देवघेवीत आहे. कनोजहून आलेला, पुण्यात अपमानित झालेला घाशीराम नाना फडणविसाला आपली मुलगी गौरी देतो आणि तिच्या मोबदल्यात कोतवाली मिळवितो. म्हणजे शहरावर बसविलेला प्रत्येक परवाना, प्रत्येक झडती, प्रत्येक फटका यांची किंमत एका मुलीच्या रूपाने आगाऊ चुकती झालेली आहे. पुरुषांच्या देहांची ओळ ही या नाटकातील सुप्रसिद्ध भिंत आहे. ती कधी शहर होते, कधी पडदा, कधी कीर्तनाचा श्रोतृवर्ग. आणि गौरी बहुतेक काळ तिच्या पलीकडे असते. तिला बोलावयास जवळजवळ काहीच नाही. ती नाचते, दिसते, पळते आणि नाहीशी होते. नानाचे नवे लग्न ठरल्यावर घाशीराम मुलीची चौकशी करतो आणि चंद्रा सुईणीकडून त्याला तिच्या मृत्यूची वार्ता कळते. ज्या शहरात प्रत्येक हालचालीची नोंद होते, त्या शहराच्या कोतवालाला स्वतःच्या मुलीच्या मरणाची नोंद मिळत नाही.

गौरीच्या मौनाला दोष म्हणावयाचे की रचना, याविषयी मतभेद संभवतो. एक पक्ष असा की तेंडुलकरांनी तिला माणूस केलेच नाही. ती केवळ वस्तू राहिली. दुसरा पक्ष म्हणेल की वस्तू करणे हाच या व्यवस्थेचा व्यापार आहे आणि नाटककाराने तो लपविला नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. मौनातून सत्तेचे स्वरूप कळते; मौन पाळणारीला ते किती कळले होते, हे कळत नाही. '१९८४'मध्ये जूलियाच्या ज्ञानाची नोंद होते, तिला मोल मिळत नाही. गौरीच्या बाबतीत नोंदही होत नाही.

विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेली 'बळी' ही कादंबरी या चर्चेत क्वचितच येते, कारण तिला वास्तववादी म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवण्यात आलेले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले, त्यांच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीची ही कथा. सोलापूर येथे अशा वसाहतीतील कामाचा लेखिकेला प्रत्यक्ष अनुभव होता. कुंपण, हजेरी, बाहेर जाण्यास परवानगी, आणि पुढील कायद्यान्वये मुले आईबापांपासून वेगळी काढण्याचा शासनाचा अधिकार, ही यादी वाचताना झाम्यातिनची आठवण न होणे कठीण आहे. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे कापडगिरण्यांत कामाला जात, म्हणजे कारखाना येथेही हजर आहे. हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. भविष्यकाळ आणि काल्पनिक देश या दोन खुणांवरूनच दुःस्वप्नराज्य ओळखावयाचे ठरविले, तर 'बळी' वर्गाबाहेर राहते. नियंत्रणाची रीत पाहून ओळखावयाचे ठरविले, तर मराठीत एका स्त्रीने लिहिलेले ते या प्रकारचे अग्रगण्य पुस्तक ठरते.

परवाना आणि कुंपण यांच्यापुढची पायरी कराराची. तिचे चित्र मंजुळा पद्मनाभन यांच्या 'हार्वेस्ट' या इंग्रजी नाटकात आहे. १९९७ साली या नाटकास ग्रीसमधील ओनासिस पारितोषिक मिळाले आणि २००१ मध्ये गोविंद निहलानी यांनी त्यावरून 'देहम' हा चित्रपट केला. नाटकाचे स्थळ मुंबई, काळ तेव्हा भविष्यातला असलेला २०१० चा. एका खोलीत चार माणसे: नोकरी गेलेला ओम, त्याची पत्नी जया, त्याची आई आणि धाकटा भाऊ जीतू. ओम 'इंटरप्लांटा' नावाच्या कंपनीशी करार करतो. परदेशातील कोणा धनिकाला लागतील तेव्हा आपले अवयव द्यावयाचे आणि त्या बदल्यात घराला सुबत्ता लाभावयाची. दाता अविवाहित हवा, अशी अट असल्यामुळे ओम जयेला बहीण म्हणून नोंदवितो. पहिल्याच अंकात पत्नीचे नाते कागदावरून पुसले जाते आणि तिला त्याविषयी कोणी विचारीत नाही.

नंतर खोलीत छतापासून एक गोलक लोंबू लागतो. त्यातून जिनी नावाची गोरी तरुणी सर्वांवर नजर ठेवते, गोड बोलते, स्वच्छतेचे नियम घालून देते. नेहमीच्या अन्नाऐवजी रंगीत गोळ्या येतात. सार्वजनिक शौचालयावर अवलंबून असलेल्या घरात खाजगी शौचालय बसते. पद्मनाभन यांची खरी पकड येथे दिसते. या नाटकात बळजबरीचे प्रसंग थोडे आणि सोयींचे अनेक आहेत. शौचालय ही चैन नव्हे. चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः त्यातील स्त्रियांना, त्याचे मोल काय असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. सत्ता जे देते ते खरोखरच हवे असलेले असते, म्हणून तिला नकार देणे अवघड.

सासूचे पात्र या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे आणि चर्चेत बहुधा उपेक्षिले गेले आहे. ती सुनेला टाकून बोलते, मुलाच्या नव्या कमाईने हरखून जाते आणि अखेरीस एका दूरचित्रवाणीयुक्त पेटीवजा आसनात स्वतःला बंद करून घेते. अन्न, निचरा, करमणूक सर्व आत. मग बाहेर येण्याचे कारणच उरत नाही. तिच्यावर कोणी जुलूम करीत नाही. आयुष्यभर एका खोलीत कोंडलेल्या स्त्रीला अधिक आरामशीर खोली मिळाली, एवढेच. दुःस्वप्नराज्यातील स्त्री ही नेहमी बळी किंवा बंडखोर असते, या समजुतीला हे पात्र चांगलाच छेद देते.

पहारेकरी चुकून ओमऐवजी जीतूला नेतात आणि त्याचे डोळे काढले जातात. पुढे ओम आपल्या पायांनी कंपनीकडे जातो. शेवटी उलगडा होतो की जिनी कधी नव्हतीच. ती यंत्राने रचलेली प्रतिमा होती आणि तिच्यामागे व्हर्जिल नावाचा, शरीरे पालटीत जगणारा एक वृद्ध पुरुष होता. सत्तेने स्त्रीचा चेहरा धारण केला होता तो केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी. सुल्ला टंकलेखिकेपासून जिनीपर्यंत पाऊणशे वर्षांत मागणीचे कारण बदललेले नाही.

व्हर्जिलला आता जयेकडून मूल हवे आहे, कारण त्याच्या समाजाची प्रजननशक्ती नष्ट झाली आहे. तो जीतूचे शरीर धारण करून पडद्यावर दिसतो. जयेने ज्याच्यावर प्रेम केले त्याच पुरुषाचे रूप तिला देऊ केले जाते. गर्भधारणा मात्र उपकरणाद्वारे, स्पर्शाविना व्हावयाची. भारतात अवयवांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा १९९४ मध्येच झाला होता आणि तो करण्याची मागणी करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. भाडोत्री मातृत्वाच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा २०२१ मध्ये झाला. नाटकाची दूरदृष्टी दाखविण्यासाठी या तारखा पुष्कळ वेळा सांगितल्या जातात. पण दूरदृष्टी हा या नाटकाचा मुख्य गुण नाही. मुख्य गुण जयेच्या उत्तरात आहे.

ती सौदा नाकारीत नाही. ती अटी घालते. मूल हवे असेल तर त्याने स्वतः यावे, स्वतःचा देह घेऊन, तिने पत्करला तसा धोका पत्करून यावे. दार ती आतून बंद करते आणि ते फोडल्यास आपण जीव देऊ असे बजावते. येथे टीकाकारांचे दोन तट पडतात. मरणाची धमकी हे दुबळ्याचे शस्त्र आहे आणि स्त्रीच्या बंडाचा शेवट आत्मनाशातच व्हावा यात नवे ते काय, असे एक मत. हे मत गंभीरपणे विचारात घेण्याजोगे आहे, कारण स्त्रीच्या आत्मत्यागाला वंद्य मानण्याची सवय आपल्या वाङ्मयाला जुनी आहे. परंतु जयेचे बोलणे त्यागाचे नाही. तिने व्यवहार नीट समजून घेतला आहे. व्हर्जिलच्या लेखी तिचा देह हाच माल असल्यामुळे त्या मालाचा नाश करण्याची क्षमता हे तिचे एकमेव भांडवल आहे, हा हिशेब ती त्याच्याच भाषेत मांडते. जूलियाजवळ जे ज्ञान होते आणि ज्याला ऑर्वेलने नाव दिले नाही, ते येथे उघडपणे सौदा करू लागते.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकाने या प्रवेशाशेजारी आणखी एक व्यवहार ठेवून पाहण्यासारखा आहे. १९७४ च्या सुमारास टेल्कोच्या अभियंता भरतीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे म्हटले होते. सुधा कुलकर्णी, पुढे सुधा मूर्ती, यांनी त्याबद्दल थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, त्यांना मुलाखतीस बोलावण्यात आले आणि त्या कंपनीच्या पहिल्या स्त्री अभियंता झाल्या. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच काम देता येत असे. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. आता या पट्ट्यातील काही वाहन कारखान्यांत केवळ स्त्रिया चालवीत असलेल्या जुळणीच्या लाइनी आहेत. याला मुक्ती म्हणावे की पट्ट्याने आणखी एका वर्गाला आपल्या गतीत ओढले म्हणावे, हा प्रश्न लाइनवरील स्त्री बहुधा त्या शब्दांत विचारणार नाही. वेतन किती, करार किती महिन्यांचा, बस दारापर्यंत येते की नाही, हे ती विचारील. जयाही असेच प्रश्न विचारते.

नाटकाच्या शेवटच्या क्षणांत आणखी एक मागणी आहे. व्हर्जिल जयेचे नाव सतत चुकीचे उच्चारतो. 'ज'चा उच्चार त्याच्या जिभेवर 'झ'च्या जवळ घसरतो. तो योग्य रीतीने म्हणावयास शीक, असे ती त्याला सांगते. मराठीत 'ज'चे दोन उच्चार आहेत, 'जय'मधील एक आणि 'जाड'मधील दुसरा. एका उच्चाराच्या जागी दुसरा आला की माणूस परका आहे हे लगेच ओळखू येते, त्यामुळे या मागणीतील धार मराठी कानाला अधिक जाणवावी. गौरीला नाव होते, ते शेवटपर्यंत कोणी नीट विचारले नाही. ओ-९० ला अंक होता. ऊसतोडीच्या हिशेबात कोयता असतो. जया बंद दाराच्या आत बसून पडद्यावरील पुरुषाला तीन अक्षरांचेही नसलेले आपले नाव गिरविण्यास लावते, आणि पडदा पडेपर्यंत तो दाराबाहेरच असतो.